धुराड्यांचा डॉक्टर : काउंट रम्फर्ड

थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात सुरुवातीच्या दोन-चार पानांत एक नाव येतं आणि लगेच निघूनही जातं. काउंट रम्फर्ड. तोफेला भोक पाडताना प्रचंड उष्णता निघते हे त्याने पाहिलं आणि उष्णता म्हणजे पदार्थ नव्हे असं दाखवलं. बस्स, एवढंच. व्हायव्हात विचारलं तर हे एक वाक्य फेकायचं आणि सुटायचं. मीही तसाच सुटलो होतो. पण गेल्या डिसेंबरात या माणसाशी आमची जरा जास्तच जवळून ओळख झाली. ती कशी, ते आधी सांगतो.

वर्कशॉपच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिला सगळे गॅरेजच म्हणतात. शेवटच्या वर्षाची प्रोजेक्टची गाडी तिथे उभी असते. सबमिशन तोंडावर आलेलं, गाडीची फायबरची बॉडी अर्धवट, आणि त्यात कडाक्याची थंडी. रात्री अकरानंतर ही शेड म्हणजे निव्वळ फ्रीज! थंडीत रेझिन लवकर सेट होत नाही, बोटं बधिर होतात, पान्हा हातातून निसटतो. शेवटी आमच्यातल्या एका हुशार माणसाने (नाव सांगत नाही, पण तो मीच) मेसमधून कोळशाची शेगडी उचलून आणली. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून शटर पार जमिनीपर्यंत ओढलं. पत्र्यांच्या फटीत गोणपाट कोंबले. तासाभरात काय मस्त वाटायला लागलं म्हणून सांगू!

मग डोकं जड झालं. एकाला मळमळायला लागलं, आम्ही मेसच्या उसळीला शिव्या दिल्या. दुसरा कोपऱ्यात बसल्या बसल्या पेंगायला लागला, त्याला आम्ही हसलो. वॉचमनकाका रात्री एकच्या फेरीला आले. त्यांनी शटर वाजवलं, आतून कुणी धड उत्तर देईना, तेव्हा त्यांनी स्वतःच ते वर ओढलं आणि एकेकाला दंडाला धरून बाहेर काढलं. दोघांना पाय टाकता येत नव्हता. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, सकाळपर्यंत सगळे ठीक झाले. डॉक्टरांनी सांगितलं ते बारावीत शिकलेलंच होतं. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. निखारे छान लाल होते, धूर अजिबात नव्हता, म्हणून तर आम्ही निर्धास्त होतो! शिवाय शेगडीपासून पाच फुटांवर ब्रश धुवायच्या ॲसिटोनचा डबा उघडा होता, तो सकाळी दिसला. त्याच्याबद्दल बोलायचं धैर्य अजून कुणाला होत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपचे सर आता सोलून काढणार, असं धरूनच आम्ही गेलो. सर ओरडले नाहीत. आग आत ठेवलीत ते ठीक, पण तिचा धूर कुठे पाठवला, एवढंच त्यांनी विचारलं. उत्तर नव्हतं. मग लायब्ररीत जाऊन रम्फर्ड वाचा आणि मॅगझिनला लिहून द्या, अशी शिक्षा मिळाली. ती शिक्षा म्हणजेच हा लेख.

रम्फर्ड हे त्याचं खरं नाव नव्हतं. बेंजामिन थॉम्प्सन हे मूळ नाव. 26 मार्च 1753 रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी शेतकऱ्याच्या घरात जन्मला. अमेरिका तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. दोन वर्षांचा व्हायच्या आत बाप गेला, आईने दुसरं लग्न केलं. तेराव्या वर्षी त्याला सेलम गावी एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं. पोराचं लक्ष मापात कमी आणि खटपटीत जास्त. 1766 साली इंग्रज सरकारने स्टॅम्प ॲक्ट मागे घेतला म्हणून गावोगाव आनंदोत्सव झाले. त्यासाठी हा स्वतः फटाके करायला बसला आणि मिश्रणाचा स्फोट होऊन चांगलाच भाजला. पुढे आयुष्यभर आगीचा अभ्यास करणाऱ्या माणसाची आगीशी पहिली गाठ ही अशी पडली. आमच्याहून काही वेगळी नाही!

नियमित कॉलेज त्याच्या नशिबात नव्हतं. एका मित्राबरोबर तो मैलोन्मैल पायी चालत हार्वर्डला जायचा आणि भौतिकशास्त्राची व्याख्यानं ऐकून परत यायचा. (पहिलं लेक्चर बंक करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) मग न्यू हॅम्पशायरमधल्या काँकर्ड गावी मास्तर झाला. या गावाचं जुनं नाव रम्फर्ड. तिथे 1772 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षांहून मोठ्या आणि श्रीमंत अशा एका विधवेशी लग्न केलं. एका रात्रीत मास्तराचा जमीनदार झाला. गव्हर्नरशी ओळख झाली, मिलिशियात थेट मेजरपद मिळालं. देखणा, उंच, बोलण्यात गोड. मोठ्या माणसांना कसं जिंकायचं हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

इथून पुढचा भाग लिहिताना जरा अडखळायला होतं. अमेरिकेत स्वातंत्र्याचे वारे वाहत होते आणि थॉम्प्सन राजाच्या बाजूचा. 1774 च्या अखेरीस लोक घरावर चालून येणार असं कळताच तो पळाला. मागे बायको आणि तान्ही मुलगी. पुढे बॉस्टनमधल्या इंग्रज सेनापतीला तो अमेरिकनांच्या बातम्या पुरवत होता. अदृश्य शाईने लिहिलेलं त्याचं एक पत्र सापडलं, पण ते विसाव्या शतकात, तोवर त्याच्या गावच्या लोकांचा नुसता संशय होता. 1776 मध्ये तो इंग्लंडला निघून गेला. बायकोला पुन्हा कधी भेटला नाही, ती 1792 मध्ये वारली. मुलगी भेटली ती वीस वर्षांनी.

लंडनमध्ये त्याचं नशीब पुन्हा फळफळलं. वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्याची मर्जी बसली, आणि 1780 मध्ये हा खेड्यातला मुलगा त्या खात्याचा उपसचिव झाला. मधल्या काळात बंदुकीच्या दारूवर त्याने खूप प्रयोग केले आणि 1779 मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. त्या प्रयोगांत एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. बंदुकीत गोळी न घालता नुसतीच दारू उडवली तर नळी जास्त तापते. गोळी घालून उडवली तर कमी! हे का, ते तेव्हा सुटलं नाही. पण मनात राहिलं.

1784 मध्ये राजाकडून सर ही पदवी घेऊन तो बव्हेरियाला, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या म्युनिकला गेला. तिथला सत्ताधीश कार्ल थिओडोर. त्याच्याकडे थॉम्प्सनने अकरा वर्षं काढली आणि सैन्यापासून बागेपर्यंत सगळ्यात हात घातला. म्युनिकचं प्रसिद्ध इंग्लिश गार्डन 1789 मध्ये याच्याच सूचनेवरून सुरू झालं.

सैनिकांचे कपडे स्वस्तात पण उबदार करायचे होते. इतर कुणी व्यापाऱ्यांकडून भाव मागवले असते. याने थर्मामीटर घेतला, त्याचा गोळा काचेच्या मोठ्या फुग्यात बसवला, मधल्या जागेत कधी लोकर, कधी पिसं, कधी रेशीम, कधी सशाची लव भरली आणि प्रत्येक वेळी थर्मामीटर निवायला किती वेळ लागतो ते मोजलं. निष्कर्ष असा की ऊब लोकरीत नसते, लोकरीच्या धाग्यांत अडकून पडलेल्या हवेत असते. हवा अडकली की ती फिरत नाही, आणि फिरली नाही की उष्णता वाहून नेत नाही. या कामाला 1792 मध्ये रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं. आपली आजी जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक टाचून गोधडी शिवते, तिला हे पदक कुणी दिलं नाही, पण तत्त्व तेच.

पातळ पदार्थातसुद्धा उष्णता मुख्यतः प्रवाहाने फिरते, हे त्याने असंच शोधलं. जाडसर भाताचं सूप आणि शिजवलेली सफरचंदं तोंड पोळेपर्यंत गरम राहतात, साधं पाणी मात्र लवकर निवतं, हे जेवताना लक्षात आलं आणि तो विचार करत बसला. मेसमध्ये पिठलं वरून गार दिसतं म्हणून घास घेणाऱ्याची जीभ भाजते, ते याच कारणाने. आपण शिव्या देतो. तो प्रयोगशाळेत गेला.

आता भिकाऱ्यांची गोष्ट. म्युनिक तेव्हा भिकाऱ्यांनी भरलं होतं. 1 जानेवारी 1790 रोजी, वर्षातला भीक मागायचा सगळ्यात मोठा दिवस बघून, थॉम्प्सन स्वतः सैन्याचे अधिकारी आणि शहराचे कारभारी घेऊन रस्त्यावर उतरला. शहरभर धरपकड झाली. पण तुरुंगात नाही घातलं. एका जुन्या इमारतीत कारखाना तयार ठेवला होता, तिथे कापूस आणि लोकर कातायची, विणायची, सैन्याचे कपडे शिवायचे, मजुरी घ्यायची आणि गरम जेवायचं. त्याचं म्हणणं असं होतं की माणसाला आधी चांगलं वळण लावून मग सुखी करू म्हटलं तर जमत नाही. आधी ऊब आणि अन्न द्या, वळण मागून येतं. म्हणून खोल्या स्वच्छ आणि उबदार ठेवणं हा त्या कारखान्याचा पाया होता. ज्या माणसाने स्वतःचं घर वाऱ्यावर सोडलं त्याला हे सुचावं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. माणूस लबाड होता, यात शंका नाही. पण त्या जानेवारीत म्युनिकच्या रस्त्यावर कुडकुडणाऱ्याला त्याच्याइतका उपयोगी पडणारा दुसरा माणूसही नसेल.

हजारभर लोकांना रोज जेवू घालायचं तर लाकूड किती लागणार? इथे तो चुलीकडे वळला. उघड्या चुलीवर बहुतेक आच भांड्याच्या बाजूने निसटते आणि धुराबरोबर जाते. त्याने विटांच्या ओट्यात भांडी गळ्यापर्यंत बुडवली, प्रत्येक भांड्याखाली लहानशी वेगळी भट्टी केली, हवा आत यायला झडप, धूर जायला नागमोडी वाट आणि तिलाही झडप. तापलेला धूर भांड्याला वळसा घालून मगच बाहेर जाणार. आपल्याकडे चुलीला जोडून वैल असतो, पुढची आच मागे फुकट जाऊ नये म्हणून, त्याचीच ही पद्धतशीर, मोजूनमापून केलेली आवृत्ती. त्यात शिजायचं सूपही त्याचंच, जव, वाटाणे, बटाटे आणि थोडी आंब. युरोपभर ते रम्फर्डचं सूप म्हणून ओळखलं गेलं. या सगळ्यावर खूश होऊन त्याला काउंट केलं गेलं, तेव्हा नाव निवडताना त्याने बायकोचं ते गाव निवडलं, जिथून तो पळाला होता. का निवडलं, ते तोच जाणे.

1795 मध्ये रम्फर्ड लंडनला परत आला. येताक्षणी बग्गीतून कागदपत्रांची पेटी चोरीला गेली, तो शकुन सोडा, पण शहरावर कोळशाच्या धुराचा काळा ढग बघून तो हबकला. याचा अर्थ त्याने वेगळाच लावला. तो ढग म्हणजे न जळता वाया गेलेला कोळसा. आणि घराघरांत माणसं कुडकुडतायत!

इंग्रजांच्या घरात भिंतीत फायरप्लेस असते आणि वर धुराडं. जुनी फायरप्लेस म्हणजे खोल, चौकोनी कोनाडा, आणि धुराड्याचा घसा इतका रुंद की आत माणूस शिरावा. आता हिशोब बघा. एवढ्या रुंद घशातून धुराबरोबर खोलीतली गरम हवाही वर ओढली जाते. जेवढी हवा गेली तेवढी थंड हवा दारा-खिडक्यांच्या फटींतून आत येते. म्हणजे पुढून माणूस भाजतो आणि पाठीला बर्फ! शिवाय रुंद घशात धूर रमतगमत जातो, वाऱ्याचा झोत वरून आला की सगळा धूर परत खोलीत. डोळे चोळा, खोका.

रम्फर्डने काय केलं? मागची भिंत पुढे आणली. बाजूच्या दोन भिंती सरळ होत्या, त्या तिरक्या केल्या, मागच्या भिंतीशी साधारण 135 अंशांचा कोन, म्हणजे आगीचा झोत खोलीकडे परतेल. घसा आवळून फक्त चार इंच ठेवला. घशाच्या पुढच्या कडेला गोलाई दिली, म्हणजे हवा न अडखळता आत शिरेल. घशाच्या मागे वर एक आडवी पायरी ठेवली, वरून खाली येणारा झोत तिच्यावर आपटून वळेल. आतून लोखंडाऐवजी वीट आणि तिच्यावर पांढरा चुना. साहित्य म्हणाल तर थोड्या विटा, गारा आणि गवंड्याची थोडी मेहनत.

या मागचा विचार फार सरळ आहे. उघड्या आगीची ऊब खोलीत येते ती प्रारणाने, म्हणजे रेडिएशनने, सरळ रेषेत. आग हवेला फारशी तापवत नाही, समोरच्या माणसाला, भिंतीला, टेबलाला तापवते. धुरात जी उष्णता गेली ती गेलीच. मग धुराला लागेल तेवढीच वाट द्यायची, जास्त नाही. पण लागेल तेवढी द्यायचीच! घसा चार इंच का, तीन का नाही, दोन का नाही, यावर त्याने पानंच्या पानं लिहिली आहेत. फार आवळला तर धूर उलटा खोलीत येतो. त्याने घसा आवळला, बंद नाही केला. आम्ही गोणपाट कोंबताना नेमका हाच चार इंचांचा फरक विसरलो होतो.

आणखी एक बारीक गोष्ट मला फार आवडली. घसा चार इंच केला तर धुराडं साफ करणारा आत शिरणार कसा? तेव्हा हे काम लहान पोरं करायची. रम्फर्डने घशाची मागची बाजू एका सुट्या फरशीने बंद करायला सांगितली. साफसफाईच्या वेळी ती काढायची, काम झालं की परत बसवायची. डिझाइन करताना मेंटेनन्सचा विचार करा, असं आपले मशीन डिझाइनचे सर दर लेक्चरला सांगतात, तेच हे.

त्याच्याच सांगण्याप्रमाणे धूर कोंडणारी पाचशेच्या वर धुराडी त्याने हाताखालून घातली. 1796 मध्ये यावर निबंध छापला, आकृत्यांसह, कुठल्याही गवंड्याने वाचून करावं असा. पेटंट घेतलं नाही. रम्फर्ड फायरप्लेसची अशी फॅशन आली की जेन ऑस्टिनच्या कादंबरीत तिचा उल्लेख आहे, आणि 1800 मध्ये गिलरे नावाच्या व्यंगचित्रकाराने कोटाच्या शेपट्या वर धरून स्वतःच्या शेकोटीपुढे पाठ शेकणारा रम्फर्ड काढला.

कार्बन मोनॉक्साइड त्याला माहीत नव्हता. तो वेगळा वायू म्हणून ओळखला गेला 1800 च्या सुमारास, आणि रक्तावर त्याचा काय परिणाम होतो ते कळायला आणखी अर्धं शतक गेलं. कोळशाची आग बंद खोलीत माणसाला मारते एवढं लोकांना अनुभवाने माहीत होतं. का, ते नाही. आम्हाला का तेही माहीत होतं, तरी आम्ही शटर ओढलं.

आता तोफेकडे येऊ. 1796 मध्ये रम्फर्ड म्युनिकला परतला. तिथल्या शस्त्रागाराचा वर्कशॉप त्याच्या देखरेखीखाली होता. पितळी तोफ आधी भरीव ओतत आणि मग घोड्यांच्या रहाटाने फिरवून तिला भोक पाडत. त्या वेळी तोफ आणि निघणारा कीस इतका तापायचा की हात लावायची सोय नाही. तेव्हाच्या शास्त्रज्ञांचं मत असं की उष्णता हा कॅलोरिक नावाचा अदृश्य द्रव आहे, तो धातूत भरलेला असतो आणि धातू कापला की बाहेर सांडतो. थोर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने 1789 मध्ये मूलद्रव्यांच्या यादीतच कॅलोरिक बसवला होता.

रम्फर्डला पुन्हा ती बिनगोळीची बंदूक आठवली असावी. तोफ ओतताना तोंडाकडे जादा धातूचा तुकडा ठेवतात आणि नंतर कापून टाकतात, फाउंड्रीत आपण रायझर म्हणतो तसला. तो फुकटचा तुकडा त्याने घेतला, त्यात बोथट पातं सुमारे साडेचार टन दाबाने रुतवून ठेवलं आणि घोड्यांनी फिरवलं, मिनिटाला 32 फेरे. अर्ध्या तासात 960 फेरे झाले, धातूचा गोळा 60 वरून 130 फॅरनहाइटला गेला, आणि कीस निघाला जेमतेम 54 ग्रॅम. एवढ्याशा भुकटीतून एवढी उष्णता सांडली?

मग त्याने तो गोळा पाण्याच्या लाकडी पेटीत बसवला. पाणी साडेआठ किलो. घोडे फिरू लागले. तासाभरात पाणी 42 सेल्सियस. दोन तास वीस मिनिटांनी 93. अडीच तासांनी विस्तवाशिवाय पाणी उकळायला लागलं! बघायला जमलेली माणसं तोंडात बोट घालून उभी. रम्फर्डलाही लहान मुलासारखा आनंद झाला आणि तो त्याने लपवलासुद्धा नाही. मुद्दा असा की घोडे फिरत राहतील तोवर उष्णता निघतच राहते, संपत नाही. जी गोष्ट संपत नाही ती धातूत भरून ठेवलेली वस्तू असूच शकत नाही. ती गतीच असणार. हा निबंध 1798 मध्ये रॉयल सोसायटीत वाचला गेला. कॅलोरिकवाले काही लगेच गप्प बसले नाहीत, ते बसले जूल आल्यावर, चाळीस-पन्नास वर्षांनी.

सरांनी आम्हाला इथे एक गणित घातलं. रम्फर्डने पाणी, धातूचा गोळा सगळं धरून हिशोब केला होता की अडीच तासांतली उष्णता 26.58 पौंड, म्हणजे सुमारे 12 किलो बर्फाइतकं गार पाणी उकळायला पुरली असती. 12 किलो, 100 अंश, 4.19 ने गुणा, साधारण 5,000 किलोज्यूल. 9,000 सेकंदांनी भागा. येतात 560 वॉट. आणि त्याच्या मते हे काम एका घोड्याला जमण्यासारखं होतं. म्हणजे एक घोडा म्हणजे अर्धा रूम हीटर! जूलनेही 1850 मध्ये याच आकड्यांवरून उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक काढून बघितला होता, तो 1,034 फूट-पौंड आला. स्वतः जूलचा 772. घर्षणात आणि इकडेतिकडे गेलेलं सोडलं तर घोड्यांच्या रहाटावरून इतकं जवळ येणं म्हणजे काही कमी नाही.

याच निबंधात रम्फर्डने एक शेरा मारलाय. अशा रीतीने उष्णता तयार करायच्या भानगडीत कुणी पडू नये, कारण घोड्यांना जो चारा घातला तोच सरळ जाळला असता तर जास्त ऊब मिळाली असती. एवढा मोठा शोध लावल्यावरसुद्धा जळणाचा हिशोब त्याच्या डोक्यातून जात नाही.

पुढचं आयुष्य भरभर सांगतो. 1799 मध्ये त्याच्या पुढाकाराने लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशन सुरू झालं. सामान्य कारागिरांना विज्ञान शिकवायचं हा त्याचा हेतू. 1801 मध्ये तिथे त्याने हम्फ्री डेव्ही नावाच्या बावीस वर्षांच्या पोराला आणलं. त्या डेव्हीने पुढे फॅरेडेला आणलं, बाकी आपल्याला माहीतच आहे. रम्फर्डचं मात्र सहकाऱ्यांशी पटलं नाही आणि तो पॅरिसला गेला. तिथे 1805 मध्ये त्याने लग्न केलं. कुणाशी? लाव्हाझिएच्या विधवेशी! लाव्हाझिए 1794 मध्ये गिलोटिनवर गेला होता. ज्याचा कॅलोरिक याने मोडीत काढला त्याच्याच घरात हा राहायला गेला. संसार चार वर्षं टिकला. तिला पाहुण्यांची आवड, याला शांततेची. एकदा याने फाटकाला कुलूप घालून पाहुण्यांना बाहेरच ठेवलं, तिने त्याच्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतून वचपा काढला. उष्णतेच्या शास्त्रज्ञाला शिक्षाही त्याच विषयातली.

शेवटची वर्षं त्याने पॅरिसजवळ ओतॉय इथे काढली. हिवाळ्यात तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून हिंडायचा. पांढऱ्या रंगातून उष्णता कमी बाहेर पडते असा त्याचा सिद्धांत. कापडाच्या बाबतीत तो चुकला होता. ज्या अवरक्त किरणांत अंगाची ऊब बाहेर पडते, त्यांत पांढरं आणि काळं कापड जवळपास सारखंच. थंडीचीही वेगळी किरणं असतात असंही तो मानायचा, तेही चूक. 21 ऑगस्ट 1814 रोजी तो वारला. जिथे तो पायी चालत व्याख्यानं ऐकायला जायचा त्या हार्वर्डला मृत्युपत्रात प्राध्यापकपदासाठी पैसे ठेवले. पळून गेलेल्या मुलाने तेवढं तरी गावाकडे परत पाठवलं.

आमच्या शेडचं काय झालं? फायरप्लेस तर बांधता येत नाही. सरांनी आम्हाला आधी रम्फर्डचं थर्मामीटरवालं प्रकरण वाचायला लावलं आणि मग दोन-दोन स्वेटर घालून यायला सांगितलं. तापवायचं ते माणसाला, शेडभर हवेला नाही, आणि माणसाला कमी तापवावं लागेल अशी आधी व्यवस्था करायची. रेझिनचं काम दुपारी, हवा खेळती असेल तेव्हाच. ॲसिटोन आणि रेझिन बाहेरच्या कपाटात, कुलपात. शेगडी मेसला परत. गोणपाट काढले, आणि आत काम चालू असेल तर शटर खालून वीतभर तरी उघडं. उबेसाठी वर्गणी काढून तेलाचा बंद हीटर घेतला, 2,000 वॉटचा, उघडी कॉइल नसलेला, स्वतंत्र जाड वायरवर. गणिताने तो साडेतीन घोड्यांचा भरतो, म्हणून सगळे त्याला घोडाच म्हणतात. वॉचमनकाका आता रात्री एकच्या फेरीला शटर वाजवतात तेव्हा आधी आत किती जण आहेत ते विचारतात, आणि मग घोडा बांधला का ते.